शंतनूच्या बोटीचं ठिकाण

हर्सूल, गुरुवार

ती. अक्कास,

धाकट्या अनसूयेचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. आमचं ठीक म्हणायचं. पत्र लिहिते, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

आमचा शंतनू परत समुद्रावर गेलाय. महिना होत आला, फोन नाही. त्याच्या बोटीला विनाशिका म्हणतात (लेकराच्या मुक्कामाला असलं नाव!). क्षेपणास्त्रं सोडते आणि शत्रूच्या रडारला म्हणे धड दिसत नाही. मागं मुंबईला घरच्यांना बोट दाखवली, तेव्हा मी कठड्याला बांधायला लिंबू-मिरची नेली होती. शंतनू कानात पुटपुटला, "आई, बाहेर काही लटकवायचं नाही, रडारला दिसेल." डोंगराएवढी बोट दिसत नाही आणि माझं लिंबू दिसणार! (आणलं परत. लोणच्यात घातलं.) शेजारच्या भामाबाई म्हणाल्या, "जी कुणाला दिसतच नाय, तिला दृष्ट कशी लागंल ओ?" म्हणणं पटलं, पण झोप काही आली नाही.

म्हणून सोमवारी अभिषेक सांगितला. संकल्पाचं पाणी सोडता सोडता गुरुजी थांबले. "चिरंजीव सध्या कुठं असतात?" मी म्हटलं, सांगायचं नसतं. "निदान दिशा?" तीही नाही. "अहो वहिनी, देवापासून काय लपवायचं?" त्यावर हे म्हणाले, "देवाला माहीत आहे हो, आम्हालाच नाही." गुरुजींनी पाणी सोडून टाकलं. तेव्हापासून हे बातम्या आवाज बंद करून बघतात.

निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारलं की आई कशी रागवायची, आठवतं? जन्मभर मी ते पाळलं. नौदलाचाही नेमका तोच नियम निघाला. तेव्हा मला त्याचा त्रास व्हायचं कारण नाही. होतही नाही. तू काळजी करू नकोस.

तुझी,
अनू

ता. क. पाकीट चिकटवून झालं होतं, ते वाफेवर उघडलं (तिकीट वाया नको). शंतनूचा फोन आला! आवाज तुटत होता. जेवतोस का, झोपतोस का, किती विचारायचं ठरवलं होतं. तोंडून पहिलं निघालं, "कुठं आहेस रे?" तो हसला. "आई, तूसुद्धा?" म्हणाला आणि फोन तुटला.

आणखी एक. माझ्याच तोंडून ते 'कुठं' गेलं, आता माझ्या हातचा अभिषेक पोचेल असं वाटत नाही. तुला सिल्लोडहून मुर्डेश्वराचं देऊळ जवळ आहे. तू त्याच्या नावानं कर. तिथल्या गुरुजींनी ठिकाण विचारलंच, तर हर्सूल सांग. यायचं त्याला इथंच आहे.