नानायच्या मशीनची नळी

मियागाव, १४ एप्रिल १९९७

ति. मनांग लितास,
सा. न. वि. वि.

तू सिंगापूरहून पाठवलेलं धुण्याचं मशीन पोचलं. मागच्या उघड्या स्वयंपाकघरात, डुकराच्या कुंपणाला लागून उभं केलं. माहितीपुस्तक दोनदा वाचून दोन्ही नळ्या मीच जोडल्या. आई ती आईच, नानायने आधी त्याच्यावर चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडलं, मगच मला बटण दाबू दिलं.

पण मी कॉलेजातून परत येईपर्यंत ते नुसतं पाणीच घेत होतं. कपडे तसेच, साबणात बसलेले. नानाय म्हणाली, हे अगदी तुमच्या मामावर गेलंय, पितं भरपूर, काम शून्य.

काळजी वेगळीच आहे. सान इसिद्रो या संताच्या सणाला चर्चच्या वेदीची वस्त्रं दरवर्षी तीच धुते. मशीन शहाणं झालं नाही तर ती हातांनी पिळणार, असं तिने जाहीर केलंय. मनगटाचं प्लॅस्टर काढून महिनाही झालेला नाही. पुन्हा मोडलं तर धड जुळणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. माझंच वाचण्यात काही चुकलं का? थोरली बहीण आहेस, लवकर कळव. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझा,
फेलिमोन

*

सिंगापूर, २२ एप्रिल

चि. टोटोस,
अनेक आशीर्वाद. कॉलेजात फेलिमोन सर असशील, मला टोटोच.

इतिहास शिकवणाऱ्याने नळकाम केलं की असंच व्हायचं! सांडपाण्याची नळी जमिनीवर सोडली असशील. तिचं तोंड कमरेइतकं उंच हवं. खाली राहिलं तर आत आलेलं पाणी आपोआप बाहेर वाहतं, आणि मशीन बिचारं जन्मभर भरतच राहतं. नानायला म्हणावं, पिळायला हात लावलास तर मी रजा टाकून येईन आणि सगळ्या शेजारणींसमोर भांडेन. जपा. मला विसरू नका.

तुझी,
मनांग लिता

*

मियागाव, २ मे

ति. मनांग लितास,
सा. न. वि. वि.

नळी मी उंचच अडकवली होती, देवाशपथ! म्हणून काल मशीन लावलं, निघाल्यासारखं केलं आणि दाराआडून पाहिलं. माझी पाठ वळताच नानायने नळी आकड्यावरून काढून खाली पालंगानात सोडली. तीच आपली पसरट घमेल्यासारखी परात; ती भरली की नळी परत वर. साबणाचं पाणी तिने आयुष्यात कधी टाकलंय का? त्यावर पायऱ्या घासायच्या, डुकराची जागा धुवायची. मी बाहेर आलो तर उलट मलाच ऐकवलं, पाणी फेकायची एवढी हौस असेल तर मशीन समुद्रावर नेऊन ठेव.

चुकलो मीच. मशीनला काय हवं ते पुस्तकात शोधत बसलो. त्या पाण्याचं नानाय काय करते, हे घरात राहून मला सुचू नये?

आता मशीनशेजारी कमरेइतकं उंच पिंप ठेवलंय. नळी त्याच्या काठाला बांधली आहे, तोंड पाण्यात बुडू न देता. नानाय वरून मगाने पाणी घेते. पहिलं धुणं संपल्यावर मशीनने शिट्टी दिली तेव्हा तिने दचकून क्रूसाची खूण केली आणि मग झाकण उघडून कपडे हुंगले. वेदीची वस्त्रं कुठे धुणार, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. लोभ वाढता ठेव.

तुझा,
फेलिमोन

*

मियागाव, १६ मे

चि. लितास,
पोटभर आशीर्वाद.

सण छान झाला. वेदीवरची वस्त्रं इतकी पांढरी की फादरनी विचारलं, मनगट दुखत असताना एवढं कसं जमलं. मी खोटं बोलले नाही. खोकले.

टोटो लिहील की मी मशीनचं कौतुक करते. विश्वास ठेवू नकोस. ते फार वेळ लावतं, आणि सोबतीला एक चहाडीसुद्धा सांगत नाही. शेजारची ओसांग मात्र आपलं गाठोडं घेऊन रोज टपकते.

आत्ता चादरी फिरताहेत. धुणं चालू आणि माझे हात कोरडे, असं लग्न झाल्यापासून कधी घडलं नव्हतं. हातांचं करायचं काय ते सुचेना, म्हणून टोटोकडून कागद मागून घेतला. अक्षर वाकडं आहे, पण मनगट दुखत नाही.

उत्तर लांबलचक लिही, पोरी. आता दर शनिवारी धुणं असतं, वाचायला वेळच वेळ.

तुझी,
नानाय