वर बघा, चाचा

अब्बा, मी सिनेमात बांगड्या भरल्या. तुम्ही असता तर पहिलं विचारलं असतं, "कुनाच्या?" म्हणून आधीच सांगतो, बाई नटी होती आणि बांगड्या आपल्याच दुकानातल्या होत्या.

जतकडच्या एका गावात शूटिंग होतं. सांगलीची पोरं, पाठीशी कुणी कंपनी नाही, माणसं थोडी. ज्याला जे जमेल ते त्यानं करायचं. मी टेम्पो चालवायचो, दिवे उतरवायचो, नट्यांचे दागिने सांभाळायचो. मण्याराचं काम करणाऱ्या नटाला नटीच्या हातावरून एक बांगडी सरकवता येईना, तेव्हा डायरेक्टर मला म्हणाला, तुम्हीच बसा. तोवर मी त्याचा "भाऊ" होतो. डोक्यावर टोपी चढली आणि "चाचा" झालो. शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

"चाचा, बांगड्या भरताना एकदाच वर बघा. तिच्या तोंडाकडे."

"कशाला?"

"सहज."

अब्बा, सहज कोण काय करतं? दारात त्या बाईचा भाऊ झालेला नट उभा केलेला, कपाळाला आठ्या घालून. पुढे काय होतं, असं मी स्क्रिप्ट सांभाळणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "ते एडिटिंगला ठरंल की." म्हणजे माझी नजर चांगली की वाईट, हे माझ्या माघारी ठरणार. आजकालचे दिवस तुम्ही पाहिले नाहीत ते बरं. व्हिडिओच्या एवढ्याशा तुकड्यावरून माणसाचं काय काय करतात.

मला तो आठवडी बाजार आठवला. माझं नुकतंच लग्न झालेलं, आणि एका गिऱ्हाइकाशी मी मान वर करून हसून बोललो. ती गेल्यावर पेटी बांधता बांधता म्हणालात, "माप हातावर असतंय रं. तोंडाकडं काय बघायचं? ह्या गावात आपल्याला फुडच्या बाजाराला यायचं हाय." मला राग आला होता. तुम्ही भित्रे वाटला होतात. कॅमेऱ्यासमोर मात्र माझीच मान वर होईना. सगळे उन्हात ताटकळलेले, इतके दिवस त्यांच्याच पंगतीला जेवलेलो, आणि मी एकटा मोडता घालून बसलेलो. शेवटी बघितलं वर.

परवा सांगलीत खेळ झाला. घरात कुणाला सांगितलं नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, आणि माझा प्रसंग आला तेव्हा पडद्याकडे न बघता लोकांची तोंडं बघत राहिलो. कुणी कुणाला कोपरानं ढोसलं नाही. एक म्हातारी तर शेजारणीला म्हणाली, "किती हलक्या हातानं भरतुया बग." बाहेर डायरेक्टरनं मिठी मारून विचारलं, आवडलं का? मी म्हणालो, लय झाक. माझा प्रसंग मी बघितलाच नव्हता.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून लिहितो. त्या पोराच्या मनात काही नसेलही. सगळं चांगलंच झालं असेल. पण तुम्ही आज हयात असता, तर मी तुम्हाला त्या खेळाला नेलं नसतं.