दार न ठोठावता

२ सप्टेंबर

पोचले एकदाची मकावला! आणि आल्या आल्या डोक्यात तोच प्रश्न, जो इथे उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असतो: राहायचं कुठे? कॅसिनोच्या हॉटेलांत खोल्यांना तोटा नाही, पण त्या जुगाऱ्यांसाठी. त्यांच्या न्याहारीचे डंपलिंग वळणाऱ्या बायांना तिथे फक्त मागच्या दाराने आत घेतात.

कंपनीच्या वसतिगृहात एका खोलीत आठ जणी, आणि कोणाची ना कोणाची कामाची पाळी असतेच, त्यामुळे दिवा कधी मालवत नाही. सीमेपलीकडे जूहायला राहिलं तर रोज फाटकावरच्या रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडणार. मी चांगलीच कात्रीत सापडले होते. पण माझी मावसबहीण क्वानताई धावून आली.

गावात क्वानताईच्या नावाने सगळे बोटं मोडतात. तीन वर्षं झाली, मकावहून एकदाही घरी फिरकली नाही, मावशी अंथरुणाला खिळली तेव्हासुद्धा. आणि त्याच ताईने पिंग-ऑन लॉजमधली आपली खोली माझ्यासाठी रिकामी केली! स्वतः मैत्रिणीकडे राहणार म्हणे. आई फोनवर कुरकुरली, की भुतांच्या महिन्यात कोणी बिऱ्हाड हलवतं का? ताई खो खो हसली. "तुझ्या आईला सांग, इथलं भाडं भुतांनासुद्धा परवडत नाही!"

खोलीपाशी आल्यावर मी सवयीने दार ठोठावायला हात उचलला. लहानपणापासून हेच शिकवलंय. परक्या खोलीत शिरताना आधी ठोठावावं, बाजूला सरून उभं राहावं आणि आत जे कोणी असेल त्याला सांगावं, की अमुक इतक्या रात्री राहते, सांभाळून घ्या. ताईने माझं मनगट धरलं. म्हणाली, "आपल्या माणसाच्या खोलीत शिरताना कोणी ठोठावतं का गं?" मग ती स्वतःच दाराला तोंड लावून हळूच काहीतरी पुटपुटली आणि तिने मला पुढे केलं. एक किल्ली दिली. दुसरी स्वतःकडे ठेवली, मी धांदरट आहे म्हणून. मला अगदी भरून आलं. सख्खी बहीण तरी एवढं करेल का?

नाम-नामशी फोनवर बोलले. सात वर्षांच्या मुलीला आईकडे ठेवून येणं सोपं नव्हतं. चंद्राच्या सणाला सशाचा कंदील घेऊन येते, असं वचन दिलंय. तिने लगेच बजावलं, की कान लांब हवेत, गेल्या वर्षीचा मांजरासारखा दिसत होता.

७ सप्टेंबर

काम जमायला लागलंय. पहाटे कोळंबी सोलायची, डंपलिंग वळायचे, वाफेत तोंड लाल करून घ्यायचं आणि दुपारी घरी येऊन ताणून द्यायची. खिडकीतून ऊन येतं. खाली मुईकाकूंची शेवयांची गाडी आहे. गल्लीत जो तो पितरांसाठी कागदी नोटा जाळतोय, त्यामुळे अंथरुणालासुद्धा धुराचा वास येतो.

ताई जवळजवळ रोज रस्सा घेऊन येते. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. आज मी हात धरून ओढलं, तर केवढ्याने हिसडा मारला! पाय घाण आहेत म्हणाली. पाय चांगले स्वच्छ होते.

गंमत म्हणजे, मी चपला नेहमी दाराकडे टोकं करून काढते आणि उठते तेव्हा त्यांची टोकं आत वळलेली असतात, पलंगाकडे. झोपेत चालायला लागले की काय मी?

१४ सप्टेंबर

आज मुद्दाम चपला दाराकडे टोकं करून ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडले. भर दुपार होती. पाठीमागे गादी दबली, कोणी कडेला बसावं तशी. बराच वेळ दबलेली होती. मी वळले नाही. उठले तेव्हा चपलांची टोकं आत होती.

ताईला फोन केला. थकवा आहे म्हणाली, झोप काढ. मग विचारलं, की खोलीत तुला करमतंय ना? दोनदा विचारलं.

२० सप्टेंबर

ताई गावी गेली! तीन वर्षांनी! आई सांगत होती, की मावशीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला पोरीने. तिला काय झालं होतं, आता काय बदललं, कोणी विचारलं नाही. मलाही खूप बरं वाटलं.

२४ सप्टेंबर

कंदील घेतला. लांब कानांचा. सणासाठी रजा मिळाली, गावी जायला सीमेच्या फाटकावर गेले, रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला, मी पुढे पाऊल टाकलं—

आणि मी इथे. खोलीच्या दारात. हातात कंदील, कुलपात किल्ली. मधलं काही आठवत नाही. ऊन लागलं असेल.

२५ सप्टेंबर

पुन्हा गेले. पुन्हा दार. मग बोटीने जायचं ठरवलं. धक्क्यावरून बोटीत पाय ठेवला— दार. चपला पायातून निघालेल्या, टोकं आत.

२६ सप्टेंबर

मुईकाकूंपुढे रडले. त्यांनी शेवया ढवळता ढवळता एवढंच विचारलं, की आत शिरताना किती रात्री मागितल्यास? म्हटलं, काहीच मागितलं नाही, ठोठावलंसुद्धा नाही, ताई म्हणाली गरज नाही. काकूंचा हात थांबला. म्हणाल्या, न मागता शिरलीस म्हणजे कायमची आलीस. आत जे आहे त्याला एकटं राहवत नाही. आपल्या बदल्यात दुसरं माणूस दिलं, तरच ते सोडतं.

मी ओरडले, की मग मला आधी का नाही सांगितलं? त्या खाली बघत म्हणाल्या, "सख्ख्यासारखी बहीण घेऊन आली होती तुला. मला वाटलं, तुम्हा दोघींचं ठरलं असेल."

२७ सप्टेंबर

ताईने फोन उचलला. नाकारलं नाही. पहिल्या दिवशी दाराशी काय पुटपुटली ते विचारलं. म्हणाली, "हिला घे, मला जाऊ दे. एवढंच बोलले." "माझी आई मरायला टेकली होती आणि मी फाटकावरून दारात, फाटकावरून दारात. तू माझ्या जागी काय केलं असतंस?" असं मलाच विचारत होती.

केसाने गळा कापला माझा. आणि मी रस्सा पीत होते. तिच्या हातचा रस्सा. बरा झालाय गं, म्हणत होते.

२८ सप्टेंबर

गादीची कड आता दबलेलीच राहते.

नाम-नामने विचारलं, कधी येतेस? म्हटलं, काम आहे. तिने फोन आजीकडे दिला. 

२९ सप्टेंबर. सण

ताईचा निरोप आलाय. रागावू नकोस. तू मला सोडवलंस, मी तुला सोडवते. नाम-नामला घेऊन येतेय. पोर लहान आहे, तिला काही कळणारही नाही—

आईला फोन केला. सकाळीच निघाल्या म्हणे. सणाला लेक भेटणार म्हणून खूश असशील ना, असं विचारते. ताई फोन उचलत नाही.

खाली धावले. जिना उतरले— दार. पुन्हा उतरले— दार. आज जिनाही सोडत नाही.

आतून कडी नाही. कधी लक्षातच आलं नाही. पाठ दाराला लावून बसलेय.

जिन्यावर पावलं. छोटी, धावत.

आई, मी आले! म्हणतेय. आईच्या खोलीचं दार कोण ठोठावतं? ढकलतेय. मी ओरडले, जा, परत जा, येऊ नकोस. ती रडतेय. मी काय केलं, आई, विचारतेय—

समोर पलंग करकरला. उठलंय ते. माझ्या चपला सरकल्या. शेजारी जागा केली. दोन लहान चपलांपुरती.

कुलपात किल्ली. ताईची. फिरतेय. रेटून धरवत नाही— ओरडतेय, नाम-नाम, आधी ठोठाव! ठोठाव, बाळा, आणि म्हण, एकच रात्र, एकच—