रतनमावशींनी उघडलेला पिंजरा

३ नोव्हेंबर
कंपनीतल्या नोकरीसाठी परभणीहून आले आणि लगेच खोली मिळाली! चाकणच्या कंपन्यांमागचं गाव, रतनमावशींचं घर. मागच्या अंगणात माझी खोली, शेजारी नऊ कोंबड्यांचं खुराडं. मावशी एकट्याच. मुलगी सृष्टी गेल्या वर्षी कंपनीत जाताना हायवेवर अपघातात गेली. तिची स्कूटी मावशी रोज पुसतात. मला मात्र आल्याआल्या गरम भाकरी वाढली, 'पोरी' म्हणाल्या.

८ नोव्हेंबर
पाच दिवसांत तीन कोंबड्या गायब. नुसती पिसं, रक्ताचा थेंब नाही. शेजारचे नानासाहेब म्हणाले, रानमांजर असेल. त्यांनी लोखंडी पिंजरा आणून दिला. आम्ही दोघींनी आत सुकट ठेवलं, खटका लावून पाहिला. दार धाडकन पडलं तशा दोघी दचकलो, मग खूप हसलो.

९ नोव्हेंबर
सकाळी फर्स्ट शिफ्टला निघताना पाहिलं, दार पडलेलं. आत मांजराएवढं काहीतरी, अंगावर एक केस नाही, आमच्याकडे पाठ. मी नानासाहेबांना हाक मारणार तेवढ्यात ते बोललं, "आये, लई दुखतंय गं."
मावशी पिंजऱ्यापाशी धावल्या. आवाज सृष्टीचा होता म्हणे.

१० नोव्हेंबर
नानासाहेब काठी घेऊन आले. मावशी पिंजऱ्यावर आडव्या पडल्या. "माझी लेक हाय ती. आधी मला मारा." नानासाहेब डोळे पुसत परत गेले.
मी समजावलं, सृष्टीला तुम्हीच स्मशानात पोचवलंत ना? मावशी म्हणाल्या, "तवा तिचं तोंड बगू दिलं न्हाई गं कुनी."


१३ नोव्हेंबर
रोज एक कोंबडी आत सोडतात. ते वाढतंय. पिंजऱ्यात मावत नाही आता.

१५ नोव्हेंबर
शेवटची कोंबडीही गेली. मी सुट्टी टाकली. इथून चला म्हणत हात धरून ओढलं, रडले. मावशी हलल्या नाहीत. म्हणाल्या, तिची भूक भागंना.

१६ नोव्हेंबर, दुपार
दूध आणायला गेले — दहा मिनिटं, तेवढीच. पिंजरा सताड उघडा. मावशींचं लुगडं, फुटक्या बांगड्या, आणि — नाही लिहिता येत.
खोलीची कडी घातलीय. नानासाहेब फोन उचलत नाहीत.

बाहेरून मावशींचा आवाज. "नीला, दार उघड पोरी. लई ऊन लागतंय."

त्या नाहीत. मी पाहिलंय, आत्ता, या डोळ्यांनी —

रडतायत. सारख्या 'पोरी, पोरी' — किती मायेनं — एकट्या उन्हात —

नुसतं फटीतून बघते —