तुळशीच्या मातीचा पहिला नंबर

कोरेगाव, ८ जानेवारी १९९६

व्याही श्री. लालासाहेब यांस, मुक्काम विश्रामबाग, सांगली. नाथाजीचा हात जोडून रामराम. इकडे सर्व खुशाल (अंगण सोडून). आपला गुडघा कसा आहे? उमेचा खोकला गेला का? आणि नात स्वप्नाली अजून माती खाते का, हे उलट टपाली कळवावे. मूठ मिटलेली दिसली की उघडून बघावी.

मी राखण करतो तो बादल्यांचा कारखाना बंद पडून सहा वर्षे झाली, पण आवारातले हिरवे पाणी काही बंद पडले नाही. ते साफ करायचे म्हणून सरकारी मॅडम आल्या. मातीच्या दहा पिशव्या भरून माझ्या ओसरीवर ठेवल्या आणि जेवायला गेल्या. मला राहवेना. असली वास मारणारी माती तपासायला पुण्याला गेली तर गावाबद्दल लोक काय म्हणतील? (शेतातली माती तपासायला देतानाही माणूस बरी जागा बघतोच.) मी तीन पिशव्या ओतून दिल्या आणि तुळशीवृंदावनातली माती चाळून भरली.

निकाल आला. त्या तिन्ही पिशव्यांचे आकडे सगळ्यांत मोठे! मी ओसरीवर मॅडमपुढे पेढे ठेवले. मॅडम म्हणाल्या, हे शिशाचे आकडे, म्हणजे विषाचे. मग सगळे कबूल करावे लागले. उमेची आई भिंतीकडे बघून म्हणाली, "आवं, सरकारच्या पिशवीत देवाची माती भरली व्हय? तुमाला अक्कल कवा येणार?" मॅडम पोट धरून हसल्या आणि मग एकदम वही उघडून विचारू लागल्या, तुळशीत शिसे आले कुठून? तेव्हा मला आठवले. कारखान्याच्या भट्टीची काळी राख फुकट मिळायची, ती मीच पाट्या भरभरून अंगणात आणि वृंदावनात आणून टाकली होती.

आता हातमोजे घातलेली चार माणसे अंगण उकरतात. तुळस बादलीत बसली आहे (आमच्याच कारखान्याच्या). उमेची आई सगळ्यांना चहा देते, मला सोडून.

सर्वांना नमस्कार, स्वप्नालीला पुष्कळ आशीर्वाद.

आपला,
नाथाजी

ता. क. आम्हा दोघांचे रक्त तपासले. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी घाबरतोच आहे.

आणखी ता. क. उमेच्या लग्नानंतर आपल्या झोपाळ्याखाली भर घालायला मी कारखान्याच्या ट्रकमधून मऊ काळी रेती पाठवली होती. आपण फार वाखाणली होती. ती रेती नव्हती.

शेवटचे ता. क. गुरुवारी सकाळी मॅडम, चार माणसे आणि मी येतो. फावडी आम्हीच आणू. तोवर स्वप्नालीला कडेवरून खाली ठेवू नये. आपल्या गुडघ्याची मला कल्पना आहे.