सौमित्रचा नाश आणि माझा फ्लो

१४ डिसेंबर
आयुष्य बदललं ते काल संध्याकाळी, डोंबिवलीच्या एकांकिका स्पर्धेत. आमच्या हीरोईनने, आसावरीने, स्टेजवर एकेक बांगडी काढून टेबलावर ठेवायला सुरुवात केली तेव्हा. मी विंगेत, हातात स्क्रिप्ट. प्रॉम्प्टर. सौमित्र स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच हीरो. तो वाक्याच्या मधेच अडकला आणि विंगेकडे बघत राहिला. मला पुढचं वाक्य पाठ होतं. अख्खं नाटक पाठ आहे. पण सौमित्र मला दिसतच नव्हता. भूक नाही, मोबाईल नाही, डास नाहीत. फक्त बांगड्या.

नंतर ग्रीनरूममध्ये सगळ्यांसमोर बोलला, तू प्रॉम्प्टर आहेस की प्रेक्षक? चालता हो. वर दार उघडून धरलं! आसावरी खाली बघत होती. माझ्यासाठी वाईट वाटलं असणार तिला.

बदला घेणार. लिहून ठेवतोय.

१५ डिसेंबर, सकाळ
व्हिडिओ बघितला. परवा मला जे झालं त्याला फ्लो म्हणतात. मोठमोठे कलाकार त्यासाठी कोच ठेवतात. मला फुकटात लागला, तोही उभ्याउभ्या. म्हणजे माझी चूक झालीच नव्हती. करिअर झालं होतं.

कॉलेज सोडलं. एस. वाय. अर्धं राहिलं तर राहू दे. सौमित्रचा नंबर ‘संपलेला’ नावाने सेव्ह केला.

१७ डिसेंबर
घरी सांगितलं. बाबा खोपटच्या एसटी डेपोत. बोलले, आमच्याकडे ड्रायव्हर असा फ्लोमध्ये गेला की त्याला सस्पेंड करतात. आई बोलली, तंद्रीच ना रे ती? तुला लहानपणापासून लागते. दुधाकडे बघ म्हणून गॅसपाशी उभं केलं की लागलीच म्हणून समजायचं.

दोघांचं व्हिजन लिमिटेड. घरच्यांना माफ. सौमित्रला नाही.

२३ डिसेंबर
कल्याणला फ्लो कोचिंगचं ऑफिस सुरू! स्टेटसलाही टाकलं. सीताराममामाच्या भीमगीतांच्या पार्टीची खोली. दुपारी रिकामी असते. पेटी, ढोलकी कोपऱ्यात सरकवली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं: ‘नियम एक. जे फ्लो तोडतं ते दाराबाहेर काढा. दार लावा.’ नियम दोन अजून सुचायचाय.

डोळ्यासमोर सीन येतो. सौमित्र अपॉइंटमेंट मागायला आलाय. मी त्याला बाहेर बसवून ठेवलाय. चपलांपाशी.

२९ डिसेंबर
पहिला क्लायंट मामाच. माजिवड्याला कार्यक्रम होता. सांगितलं, डोळे मीट, पब्लिक विसर. मामाने मिटले. एकच अंतरा घोळवत बसला. ढोलकीवाला आनंदा दमून थांबला तरी ह्याचं चालूच. डोळे उघडले तर पब्लिक जेवायला गेलेली. मामा बोलला, भाच्या, समोर माणसं डोलायला लागली की माझा आवाज लागतो, तू माणसंच घालवलीस की रे!

निष्कर्ष: फ्लो यशस्वी. पब्लिक कमी पडली.

६ जानेवारी
खतरनाक बातमी. तीच एकांकिका आता ठाण्याच्या स्पर्धेत करतायत, आणि तालमीत आसावरी रोज बांगड्यांच्या सीनला अडकते. तिचाच मेसेज आला. तू कोचिंग घेतोस ना? भेटू या.

प्लॅन: तिला इतकी जबरदस्त तयार करायची की शेजारी सौमित्र विजेचा खांब वाटला पाहिजे. मग ती त्याला सोडेल. तशीही त्याच्या बाईकवर बसते तेव्हा त्याच्या खांद्याला धरत नाही, मागची दांडी धरते. म्हणजे दोघांचं अजून नक्की नाही.

९ जानेवारी
आली! मामाने आलं घालून चहा आणला. मी मेथडप्रमाणे विचारलं, अडकतेस तेव्हा काय दिसतं? कप उचलला, तसाच खाली ठेवला. मग बोलली, राग नको मानूस हं, पण विंगेत तू दिसतोस. डोळे फाडून बघणारा. आता तिथे मैथिली उभी असते प्रॉम्प्टिंगला, तरी तूच दिसतोस.

मी दिसतो!!

पुढेही काहीतरी बोलत होती, ते नीट ऐकू आलं नाही. फ्लो लागलेला. जाताना भिंतीवरचा नियम तिने दोनदा वाचला. फोटो काढून घेतला. इम्प्रेस झालीय.

मामा बोलला, राजू, पोरगी घाबरून बसलेली रे. मामाला गाण्यातलं कळतं, मुलींमधलं नाही.

१७ जानेवारी
उद्या प्रयोग. मी मैथिलीच्या शेजारी विंगेत उभा राहणार. आसावरीला मीच दिसतो ना, मग खराखुरा दिसू दे. ती चमकणार, सौमित्र विझणार. नंतर त्याला काय काय सुनवायचं ते आरशासमोर पाठ केलं. एकही शब्द चुकला नाही. आईने विचारलं, कुणाशी भांडतोयस?

१८ जानेवारी
इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्याला गेलेलो. ग्रीनरूममध्ये थेट शिरलो, कोच म्हणून. आसावरी खुर्चीत. बसल्या जागी हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. मला बघून आवाज आणखी वाढला. सौमित्र उठला आणि हळू आवाजात बोलला, राजरत्न, प्लीज यार.

प्लीज! ह्याच क्षणासाठी जगत होतो. बोललो, काय प्लीज? सगळ्यांसमोर सांग. तो नुसता आसावरीकडे बघत राहिला.

मग तीच वळली. बोलली, तुझा तो नियम एक खरा आहे ना रे? मी बोललो, शंभर टक्के. ती बोलली, मग पाळ ना. तेवढंच कोचिंग हवंय मला.

पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

ह्या वेळी कुणी दार उघडून धरलं नाही. सौमित्रसाठी पाठ केलेल्यातलं एकही वाक्य आठवेना, आणि आठवून द्यायला विंगेत कुणी नव्हतं.

बाहेर आलो. दार लावलं. आतली किणकिण थांबली.