बशीतला फुरका

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

मी काम करते त्या कॉफीच्या दुकानातून हल्ली मला नवीन बिया चाखायला घरी देतात. त्या दळून उकळतं पाणी ओतायचं, वर जाड थर आला की चमच्याने मोडून वास घ्यायचा. मग चमचाभर कॉफीचा जोरात फुरका मारायचा. आवाज झाला नाही तर म्हणे चव जिभेभर पसरत नाही! काल घरमालकीणबाई धावत आल्या, "बरी आहेस ना गं?"

हसलीस ना? बाबा चहा बशीत ओतून असेच फुरके मारायचे आणि तू दटावायचीस, "अहो, शेजारी ऐकतायत!"

आजारपणापासून ते चमच्याने मुकाट पितात, असं तू परवा सहज बोलून गेलीस. माझ्या काही ते डोक्यातून जात नाही. हात अजून थरथरतो का गं त्यांचा?

सगळ्यात गोड निघालेली कॉफी जाडसर दळून पाठवतेय. बशी तू धर. आधी मला फोन लाव आणि तो बशीजवळ ठेव. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे. मला ऐकायचंय.

तुझी,
धाकटी